रनिंग फुटाचा हिशेब



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांची हयात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. त्यामुळे विषय इंग्रजीचा हवा, पण समोर बसलेल्या प्रत्येकाला तो आपला वाटला पाहिजे, अशी दुहेरी मागणी मंडळाने केली. मी एकच शब्द निवडला, पाचवीतल्या पोरालाही येणारा : 'रन'. रन म्हणजे धावणे. रन, रॅन, रन. एवढं पाठ झालं की मास्तर पुढच्या क्रियापदाकडे वळतात. वळावंच लागतं, कारण इथेच थांबले तर शाळेचं वर्ष पुरणार नाही.

यात अतिशयोक्ती फारशी नाही. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'ची तिसरी आवृत्ती तयार होते आहे. तिच्यात 'रन'ची नोंद नव्याने लिहून झाली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या क्रियापदाचे अर्थ भरले ६४५. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका नोंदीवर जवळपास नऊ महिने बसून होते. त्याआधीच्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट'कडे होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ होते आणि नोंदीची लांबी साठ हजार शब्दांच्या घरात, म्हणजे एका बऱ्यापैकी कादंबरीएवढी. तीन अक्षरी, एका दमात उच्चारता येणारे हे शब्द. मोठे, भारदस्त, लॅटिनमधून आलेले शब्द दोन-तीन अर्थांवर आयुष्य काढतात आणि हे मात्र शेकड्यांनी अर्थ वाहतात. घरातल्या हरकाम्या गड्यासारखं आहे हे. ज्याच्या अंगावर नेमकं काम नाही, त्याच्याच नावाने दिवसभर हाका सुरू असतात.

आता हे ६४५ मोजले कसे? त्यासाठी कोश कसा झाला ते थोडं सांगितलं पाहिजे. १८५७ च्या नोव्हेंबरात लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड ट्रेंच यांनी निबंध वाचून दाखवले. आजवरच्या इंग्रजी कोशांत काय काय राहून गेलं आहे, हा त्यांचा विषय. तिथून या कोशाची सुरुवात धरतात. त्याच १८५७ साली इकडे मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. म्हणजे इंग्रजांनी स्वतःच्या भाषेचा धड कोश करायला घेतला, तेव्हा त्यांच्याच एका लष्करी अधिकाऱ्याने आमच्या भाषेचा कोश दुसऱ्यांदा छापूनही टाकला होता. हे मी अभिमानाने सांगावं की खजील होऊन, ते तुम्ही ठरवा.

ऑक्सफर्डचं काम १८७९ मध्ये जेम्स मरे यांच्याकडे आलं. त्यांनी पत्र्याची एक शेड उभारली आणि तिला थाटाचं नाव दिलं, स्क्रिप्टोरियम. भिंतींना खणच खण. जगभरचे हौशी वाचक पुस्तकं वाचायचे आणि चिठ्ठ्या पाठवायचे. चिठ्ठीचा नमुना ठरलेला : साध्या पत्राच्या कागदाचा अर्धा तुकडा, डाव्या कोपऱ्यात वर शब्द, खाली साल, लेखक, पुस्तक, पान, आणि मग ज्या वाक्यात शब्द आला ते अख्खं वाक्य उतरवून. अर्थ लिहायचा नाही. वाचकाने अर्थ सांगायचाच नाही, फक्त वाक्य द्यायचं, हे या पद्धतीतलं मर्म आहे. अशा चिठ्ठ्यांचे गठ्ठे संपादकापुढे यायचे. तो त्या टेबलावर मांडायचा, सारख्या वाटतील त्या एका ढिगात, वेगळ्या वाटतील त्या दुसऱ्या. जितके ढीग, तितके अर्थ. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, शेवटचा १९२८ मध्ये. मरे १९१५ मध्येच गेले. 'आर' हे अक्षर त्यांच्या वाट्याला नव्हतं, ते विल्यम क्रेगी यांनी केलं. म्हणजे 'रन'चे पहिले ढीग क्रेगींच्या टेबलावर पडले.

आणि इथेच त्या ६४५ ची गोम आहे. इंग्रजीत नदी 'रन' होते, नळ 'रन' होतो, सर्दी झाली की नाक 'रन' होतं, कच्च्या रंगाचं लुगडं धुतलं की रंगही 'रन' होतो. हे अर्थ किती? मराठीत नदी, नळ आणि नाक तिन्ही वाहतात, रंग मात्र जातो. मराठी माणसाने ढीग लावले तर दोन होतील. इंग्रज कोशकार चार लावेल, दुसरा एखादा एकच लावेल. कोशकारांत हे दोन पंथ जुनेच आहेत, एक बांधणाऱ्यांचा आणि एक फोडणाऱ्यांचा. आपला 'वाहणे' घ्या ना. ओढा वाहतो, बैल ओझं वाहतो, भाविक बेल वाहतो, कुळ जमीन वाहतं आणि तलाठी ती 'वाहितीखाली' लिहितो. एखाद्या फोडणाऱ्याला नऊ महिने आणि पगार दिला, तर आपल्याही शब्दांचे अर्थ कुठल्या कुठे जातील.

तेव्हा आकड्यावर माझा फार विश्वास नाही. विश्वास आहे तो क्रमावर. या कोशात अर्थ सालवार लावलेले असतात : कोणता आधी वापरात आला, कोणता मागाहून. तो क्रम धरून 'रन' वाचत गेलं की इंग्रजी बोलणाऱ्या माणसांनी हजारभर वर्षांत कोणकोणती कामं हाती घेतली, त्याची यादीच हाती येते.

मुळात हा शब्द पायांचा जितका, तितकाच पाण्याचा. जुन्या इंग्रजीत तो 'रिनन' आणि 'इर्नन' अशा रूपांत होता. जर्मनमध्ये आजही त्याची दोन भावंडं वेगवेगळी नांदतात, 'रिनेन' म्हणजे वाहणं आणि 'रेनेन' म्हणजे धावणं. इंग्रजीत ती एकाच घरात आली. अमेरिकेत व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया या भागांत लहान ओढ्याला 'रन' म्हणतात. तिथल्या यादवी युद्धातली पहिली मोठी लढाई २१ जुलै १८६१ रोजी ज्या 'बुल रन'पाशी झाली, ते बैलांच्या शर्यतीचं मैदान नव्हे, ओढ्याचं नाव आहे. (त्या दिवशी उत्तरेच्या सैन्याने वॉशिंग्टनच्या दिशेने जी धूम ठोकली, ती पाहता नाव दोन्ही अर्थांनी शोभलं.)

पाणी धावलं की त्यावर चक्की फिरते, चक्की फिरली की तीही 'रन' होते. गिरणीतून निवड न करता जसा माल बाहेर पडेल तो 'रन ऑफ द मिल'. आज मामुली, चारचौघांसारख्या कशालाही हेच म्हणतात. जहाजं वाऱ्यापुढे 'रन' होतात, खडकावरही 'रन' होतात. आणि नाकेबंदी चुकवून माल नेणं म्हणजे 'रन द ब्लॉकेड'.

या शेवटच्या अर्थाशी मुंबईचं देणंघेणं आहे, म्हणून जरा थांबतो. १८६१ च्या एप्रिलमध्ये लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस मुख्यतः तिथूनच येत होता. मग राखाडी रंग दिलेली, पाण्यात उथळ बसणारी, वेगवान जहाजं रात्री अंधाराचा फायदा घेऊन बहामा, बर्म्युडा आणि दक्षिणेची बंदरं यांच्यामध्ये ये-जा करू लागली. तीच 'ब्लॉकेड रनर'. त्यांच्या फेऱ्यांनी इंग्लंडची भूक भागण्यासारखी नव्हती. तिकडे कापूस अडकला आणि इकडे मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्यापासून प्रेमचंद रायचंदपर्यंत सगळ्यांच्या हातात पैसा खेळला. पैसा झाला तसे शेअर निघाले, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि मुंबईचा फुगवटा बसला. बँक ऑफ बॉम्बे त्यात इतकी खिळखिळी झाली की १८६८ मध्ये ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. फोर्टमधला राजाबाई टॉवर प्रेमचंदांनी त्याच काळात दिलेल्या देणगीतला. तो १८७८ मध्ये पुरा झाला. म्हणजे अटलांटिक महासागरातल्या एका 'रन'ची एक इमारत मुंबईत उभी आहे.

बँकेचाही एक 'रन' असतो. बँक बुडणार अशी आवई उठली की ठेवीदार पैसे काढायला लोटतात. १८६६ मध्ये लंडनला ओव्हरेंड गर्नी ही पेढी कोसळली, तेव्हा हे झालं. मग पुढे जवळपास दीडशे वर्षं ब्रिटनमध्ये असा प्रसंग आला नाही. तो २००७ च्या सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेवर आला. आपल्याकडचे पेपर अशा वेळी 'ठेवीदारांची झुंबड' म्हणतात आणि तो शब्द मला जास्त खरा वाटतो. कारण बँकेच्या 'रन'मध्ये कोणी धावत नाही. सकाळपासून रांगेत उभं राहून पाय मोडतात तेवढे.

निवडणुकीचं बघा. अमेरिकेत उमेदवार अध्यक्षपदासाठी 'रन' करतो. इंग्लंडमध्ये तोच उमेदवार पार्लमेंटसाठी 'स्टँड' करतो, उभा राहतो. आपणही इंग्लंडच्या बाजूचे. आपल्याकडे माणूस निवडणुकीला उभा राहतो, मग ती ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची. अमेरिकेने ही भाषा घोड्यांच्या शर्यतीतून उचलली. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला तिथे 'रनिंग मेट' म्हणतात; मूळचा 'रनिंग मेट' म्हणजे शर्यतीच्या घोड्याला वेग मिळावा म्हणून त्याच्याबरोबर पळवलेला दुसरा घोडा. मुख्य घोडा जिंकला की याला चार वर्षं तबेल्यात ठेवतात, असं म्हणण्याचा मोह होतो, पण ती टीका त्यांची त्यांनी करावी.

नाटकाच्या बाबतीत मराठीचा आणि इंग्रजीचा संसारच वेगळा. लंडनमध्ये नाटक एका थिएटरात मुक्काम ठोकतं आणि रोज रात्री होतं; ते जितके दिवस टिकेल तो त्याचा 'रन'. अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' २५ नोव्हेंबर १९५२ ला तिथे लागलं, ते २०२० च्या मार्चमध्ये साथीने थिएटरं बंद पाडेपर्यंत सुरूच होतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा लागलं. आपलं नाटक आज शिवाजी मंदिर, उद्या गडकरी रंगायतन, परवा बालगंधर्व, आणि मधल्या रात्री ट्रकमध्ये सेट आणि बसमध्ये कलाकार. म्हणून आपण 'रन' मोजतच नाही. आपण प्रयोग मोजतो, आणि शंभरावा झाला की नारळ वाढवतो.

क्रिकेटवर इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी व्याख्यान दिलं असतं, त्यामुळे मी एवढंच सांगतो. जुन्या काळी इंग्लंडच्या खेड्यांत गुण नोंदवणारा माणूस काठीवर खाचा पाडत असे. त्यामुळे धावांना बराच काळ 'नॉचेस', म्हणजे खाचा, असंच म्हणत. पुढे 'रन' रूढ झाला आणि त्याच्याबरोबर ती गंमत आली, की चेंडू सीमेपार भिरकावून फलंदाज जागचा न हलता सहा धावा घेतो. मराठीत 'धाव' आली, मागोमाग धावबाद, धावफलक, धावसंख्या आले. बाळ ज. पंडितांच्या रेडिओवरच्या समालोचनाने ही परिभाषा घराघरांत नेली. यष्टिचीत आणि त्रिफळाचीत यांना कोणी हसलं असेल तर ते पहिल्या आठवड्यातच. मग ते शब्द पोरांच्या तोंडी बसले. पण गल्लीतल्या पोराने शेवटी केलं काय? 'रन' ठेवला आणि क्रियापद आपलं लावलं : रन काढले. इंग्रज रन 'करतो' किंवा 'मिळवतो'. आपण विहिरीतून पाणी काढावं, गाईचं दूध काढावं, तसे रन काढतो.

विहिरीचं नाव निघालं म्हणून आठवलं. इंग्रजीत कोंबड्यांना फिरायला जाळी लावून जी जागा सोडतात ती 'रन', बर्फावरून घसरत यायची उतरण ती 'रन', आणि ऑस्ट्रेलियात हजारो एकरांचं मेंढ्यांचं कुरण तेही 'रन'. धावण्याच्या क्रियेवरून धावण्याच्या जागेला नाव पडलं. हे आपल्याला इंग्रजांनी शिकवायला नको होतं. मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतरत्या वाटेने मोट ओढत खाली जातात आणि मग पाठमोरे वर येतात, तिला धावच म्हणतात. बैल धावेच्या तळाशी पोचला की वर मोट थारोळ्यात उलटायची. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून चढवतो ती लोखंडी पट्टी, तीही धावच. शिंपी टाके घालतो तो धावदोरा, आणि इंग्रज शिंपी त्याच टाक्याला 'रनिंग स्टिच' म्हणतो. सुई धावते हे दोन्हीकडच्या शिंप्यांना दिसलं.

यंत्र मात्र दोन्हीकडे सारखं दिसलं नाही. इंग्रजाचं यंत्र 'रन' होतं, आपलं यंत्र चालतं. घड्याळ, पंखा, चरक, पिठाची गिरणी, सगळं चालतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हापासून पेपरात गाडी 'धावते'; पण फलाटावरचा माणूस अजून 'हार्बरच्या गाड्या चालू आहेत का हो?' असंच विचारतो. विसाव्या शतकात मोटारी, कारखाने, आणि मग संगणक आले आणि 'रन'ला पूर आला. 'सेट'ला मागे टाकलं ते याच जोरावर, हे कोशकारांचंही मत आहे. आपल्याकडे तोच भार 'चालणे'ने उचलला. दुकान चालतं, खटला चालतो, खोटं नाणं चालत नाही, डोकं चालत नाही, तोंड मात्र चालतं. 'चहा चालेल?' यात कोणी पाऊल उचलत नाही. हातावर पोट असलेल्याचं पोट कसंबसं चालतं. इंग्रजाला 'रन्स' लागले, म्हणजे जुलाब झाले, तर त्याला वैद्य गाठावा लागतो. बँकेतलं 'चालू खातं' हे 'करंट अकाउंट'चं भाषांतर, आणि करंट हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा अर्थ धावणं. म्हणजे लॅटिन खातं धावायचं, आपण त्याला चालतं केलं. आणि मग नुसता 'चालू माणूस' म्हटलं की काय समजायचं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं ठाऊक आहे.

आता मी ज्यासाठी हा शब्द घेतला तिथे येतो. 'रन' आपल्या भाषेत शाळेच्या दारातून आला तो क्रिकेटपुरता. खरा आला तो कामाच्या दारातून, आणि 'रनिंग' हे रूप घेऊन आला.

जिन्याला रेलिंग करून घ्यायला फॅब्रिकेटर बोलवा. तो आधी दर सांगेल : 'रनिंग फुटावर पडेल.' मग टेप काढेल. पहिल्या पायरीपाशी टेपचं टोक पोराच्या हातात, दुसरं स्वतःकडे. जिन्याच्या तिरकस उताराबरोबर टेप वर जाते, मधल्या चौकात वळते, पुन्हा वर जाते. भिंतीवर पेन्सिलने तो आकडे टिपतो आणि बेरीज सांगतो : 'साडेअठरा रनिंग.' तुम्ही म्हणता, चौरस फुटाने का नाही? तो म्हणतो, 'उंची सगळीकडं तीच हाये ना साहेब. मग लांबीच मोजायची. टेप जिकडं जाईल तिकडं पैसे.' ओट्याखालच्या ट्रॉल्या, कंपाउंडची भिंत, पडद्याचा रॉड, सगळ्यांचा हिशेब असाच. इंग्रजीत कुंपण नदीकाठाने 'रन' होतं, भिंत टेकडीवरून 'रन' होते; न हलणारी वस्तू लांबच लांब पसरली की तिला 'रन' म्हणायचं, हा कोशातला एक स्वतंत्र अर्थ आहे. आपण अशा ठिकाणी 'जाणे' वापरतो, वाट गावाला जाते. इंग्रजीतला हा अर्थ चांगला पदवीधर विद्यार्थीही परीक्षेत चुकतो. पण या माणसाला तो पेन्सिलीच्या टोकावर आहे.

सरकारी ठेकेदाराकडे जा. काम वर्षभर चालणार, पैसे शेवटी एकदम घेऊन त्याला परवडत नाही. म्हणून जेवढं काम झालं त्याचं माप घ्यायचं, मापपुस्तकात चढवायचं आणि तेवढ्याचं बिल काढायचं. हे 'रनिंग बिल'. पहिलं, दुसरं, तिसरं. सगळं उरकलं की 'फायनल'. यातला 'रनिंग' म्हणजे अजून न संपलेलं. ते बिल टेबलावर महिना महिना हलत नाही, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे, पण शब्दाचा त्यात दोष नाही.

जुनी मोटारसायकल घ्यायला गेलात तर पहिला प्रश्न, 'रनिंग किती?' इथे रनिंग म्हणजे आजवर कापलेले किलोमीटर. उत्तर ऐकून मेकॅनिक चाकाकडे बघत नाही, तो पायाखालचं ब्रेकचं रबर किती झिजलंय ते बघतो. लोकलमध्ये 'रनिंगमध्ये चढू नको' म्हणजे गाडी सुटल्यावर चढू नको. जाहिरातीत 'रनिंग हॉटेल देणे आहे' म्हणजे गिऱ्हाईक बांधलेलं, गल्ला येणारं हॉटेल. साताऱ्यापासून बुलढाण्यापर्यंत पहाटे रस्त्याच्या कडेने पोरं पळताना दिसतात, ती पोलीस भरतीची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. ती धावायला जात नाहीत, 'रनिंगला' जातात, आणि चहाच्या टपरीवर एकमेकांना विचारतात, 'सोळाशे किती मिनिटांत बसतंय?' इथे शब्द फिरून पुन्हा पायांवर आला. पण धावणं वेगळं आणि रनिंग वेगळं. धावणं कुत्रं मागे लागल्यावरही होतं; रनिंगला भरतीची तारीख लागते.

आणि रेल्वेत 'रनिंग स्टाफ' असतो, म्हणजे इंजिनचालक आणि गार्ड, गाडीबरोबर जाणारी माणसं. त्यांच्यासाठी मनमाड, भुसावळ अशा मोठ्या स्थानकांपाशी 'रनिंग रूम' असते. तिथे ही मंडळी झोपतात. परतीच्या गाडीपर्यंत अंग टाकायला पलंग, जेवायला खानावळ. नवा माणूस नाव ऐकून आत व्यायामशाळा शोधेल.

एवढे अर्थ महाराष्ट्रात रोज बोलले जातात, आणि आपल्या शाळकरी कोशांत 'रन : धावणे, पळणे' यापुढे पान सरकत नाही. दाते-कर्व्यांनी 'महाराष्ट्र शब्दकोशा'साठी १९३० च्या दशकात बोलीतले, धंद्यांतले शब्द आवर्जून गोळा केले होते. मोटेच्या धावेपर्यंतची सामग्री त्या पिढीने हुडकली. आजच्या धंद्यांसाठी ते पुन्हा करायला हवं. मरेंच्या पद्धतीला विद्वान लागत नाहीत. कागदाचा अर्धा तुकडा लागतो, आणि ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिण्याची सवय. तुमच्यापैकी कोणी फॅब्रिकेशनचं, गॅरेजचं, बांधकामाचं काम करत असेल, तर वाक्य, गाव आणि तारीख लिहून कार्यवाहांकडे द्यावं. त्यांनी खोकं ठेवण्याचं कबूल केलं आहे. अर्थ लिहू नका. तो ढीग लावणाऱ्याला ठरवू द्या.

'रनिंग'चं लिंग नपुंसक ठरलं आहे, ते कोणी बसून ठरवलं नाही : गाडीचं रनिंग, पोराचं रनिंग. 'रन'चं अजून डळमळतं. कोणी 'रन झाले' म्हणतो, कोणी 'रन झाल्या' म्हणतो. ज्याच्या मनात 'धावा' आहेत तो 'झाल्या' म्हणत असणार, असा माझा अंदाज. तेही चिठ्ठीत येऊ द्या.

मराठीत ६४५ च्या जवळ जाईल असं क्रियापद कोणतं, असा प्रश्न अध्यक्षांनी मघाशी चहा घेताना विचारला. माझं मत 'लागणे'ला आहे. भूक लागते, आग लागते, नंबर लागतो, डोळा लागतो, नाद लागतो, पोर रडू लागतं, मुलगी नोकरीला लागते. एसटी स्टँडवर 'गाडी लागली' म्हणजे ती फलाटावर आली, पळा, जागा धरा. आणि आत बसलेल्याला 'गाडी लागली' म्हणजे त्याला खिडकीची जागा द्या. 'लागणे'चे ढीग लावायला मला नऊ महिने पुरणार नाहीत, आणि मंडळाने मला दिलेला तास तर संपलाच आहे. पुढच्या वर्षीच्या वक्त्यांकडे तो विषय सोपवावा, अशी सूचना मी कार्यवाहांना करून ठेवतो.